प्राथमिक शाळेची सुधारणा : कामांचा क्रम कसा लावावा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

पहिली ते पाचवीची शाळा आहे. पाच वर्गखोल्या, एक कार्यालय, समोर लांब व्हरांडा, वर सपाट जुना स्लॅब (छत साधारण २५० चौरस मीटर). जोतं जमिनीपासून ४५ सेंमी उंच. मुली ७२, मुलगे ६८, शिक्षक आणि कर्मचारी मिळून ६.

हाताशी पुढच्या मोठ्या सुट्टीतले सहा आठवडे आहेत, त्यानंतर दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कामं करता येतील. पालक-शिक्षकांच्या बैठकीत निघालेली यादी : रंगकाम आणि बोलक्या भिंती, नवे बाक, स्वच्छतागृहं, हात धुण्याची सोय, रॅम्प, झोके-घसरगुंडी, वर्गातला अपुरा उजेड, आणि दोन खोल्यांच्या छताला ओल. बहुतेकांचा कल रंगकाम आधी करावं असा आहे, कारण ते लगेच दिसतं. क्रम कसा लावावा आणि कशात काय चुकतं, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

ओळंबा

रंग सगळ्यात शेवटी. ओल असलेल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि चित्रांसकट खर्च वाया जातो. शिवाय विजेच्या पट्ट्या, नळ, फळे, खिडक्या यांतलं काहीही नंतर केलं की भिंत पुन्हा फोडावी लागते.

माझ्या मते क्रम असा : छत आणि पाण्याचा निचरा, मग पाणीपुरवठा आणि स्वच्छतागृह, मग वीज आणि उजेड, मग रॅम्प आणि फरशी, मग बाक, शेवटी रंग. खेळाचं साहित्य या रांगेबाहेर ठेवा. पटांगणातलं पाणी कुठून वाहतं हे ठरल्यावर ते कधीही बसवता येतं.

आता छत. ओल खाली जिथे दिसते तिथेच वर गळती असते असं समजू नका. पाणी स्लॅबमधल्या भेगेतून शिरतं, गजाच्या कडेकडेने सरकतं आणि दोन-तीन मीटर लांब उतरतं. वर जाऊन आधी एवढं पाहा :

– पावसाच्या नळांची तोंडं पानांनी आणि चेंडूंनी बुजली आहेत का. जोरदार पावसाच्या भागात ४० चौरस मीटर छताला १०० मिमी व्यासाचा एक नळ हे प्रमाण धरतात. तुमच्या छताला सहा-सात हवेत. किती आहेत ते मोजा.
– उतार १०० ला १ तरी आहे का. पाऊस थांबल्यावर दोन तासांनीही डबकं राहत असेल तर त्याभोवती खडूने रेघ मारून ठेवा. उतार नेमका तिथे दुरुस्त करायचा.
– स्लॅब आणि कठडा यांचा सांधा. सर्वाधिक गळती इथूनच होते. तिथे सिमेंटची गोलाई करून जलरोधक थर कठड्यावर ३० सेंमीपर्यंत चढवायचा. थर कोपऱ्यातच संपवला तर तो पहिल्या वर्षी सुटतो.

दुरुस्ती झाली की नळांची तोंडं बंद करून छतावर २५ ते ५० मिमी पाणी साठवा, ४८ तास ठेवा आणि खालून पाहा. ठेकेदाराचे पैसे या चाचणीनंतरच पूर्ण द्यायचे.

---

खडूची_पूड

ओळंबा, चाचणीबद्दल एक भर घालतो. जुन्या स्लॅबवर ती सरसकट करू नये. ५० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो, म्हणजे २५० चौरस मीटरवर साडेबारा टन. आधी खालून हातोडीने हलके ठोके मारत सगळं छत तपासा. गच्च आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आतला गज गंजून फुगला आहे आणि खालचा थर सुटत चालला आहे, असं समजावं. गंजलेला गज मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट तडकतं. अशा खोलीत मुलांना बसवणं आधी बंद, आणि पाणी साठवण्याचा विचारही स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्यानंतरच. पोकळ भागावर वरून नुसता गिलावा लिंपणं सर्वांत धोक्याचं. गंज आतून चालूच राहतो आणि गिलाव्याचा तुकडा खाली बसलेल्या मुलावर पडतो.

एखाद्या जोडखोलीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना भोकं पाडू नका, कापू नका, दाबाच्या पाण्याने धुऊ नका. सगळं आवरलं की मग काढू, असंही नको. ते काम त्याचं प्रशिक्षण असलेल्यांकडूनच करून घ्यावं.

---

ओळंबा

खडूची_पूड, बरोबर. ठोक्यांची तपासणी आधी, हे मी लिहायलाच हवं होतं.

---

चिमणीचं_घर

छताबद्दल वाद नाही, पण यादी ठरली कशी हा प्रश्न आधी विचारावा असं वाटतं. बैठकीत मोठी माणसं बोलतात. शाळा वापरतात मुलं.

दोन आठवडे ही पाहणी करा. प्रत्येक वर्गाला शाळेचा साधा नकाशा द्या. जिथे जायला आवडतं तिथे हिरवा ठिपका, जिथे जायचं टाळतो तिथे लाल. पहिली-दुसरीच्या मुलांना नकाशा कळत नाही, त्यांच्याबरोबर आवारात फेरी मारा आणि ती कुठे थबकतात ते टिपा. चौथी-पाचवीच्या मुलींशी बाईंनी स्वतंत्र बोलावं. कडी लागत नाही, दारातून दिसतं, आत अंधार असतो, या गोष्टी मुलग्यांसमोर निघत नाहीत. या वयात काही मुलींची पाळी सुरू झालेली असते, म्हणून झाकणाची कचरापेटी आणि आतच पाणी हेही यादीत हवं.

याच दोन आठवड्यांत मधल्या सुट्टीत घड्याळ लावून रांगा मोजा. पुढची सगळी गणितं या आकड्यांवर उभी राहतात.

---

नळजोड

रांगांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तिथूनच सुरू करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये शाळांसाठी दिलेलं प्रमाण असं : २५ मुलींमागे एक शौचालय. ५० मुलग्यांमागे एक शौचालय आणि एक मुतारी, किंवा मुतारीची ५० सेंमी भिंत. म्हणजे तुम्हाला मुलींसाठी ३, मुलग्यांसाठी २ आणि मीटरभर लांबीची मुतारी. कर्मचाऱ्यांसाठी वेगळं. यांपैकी एक तरी चाकाच्या खुर्चीला पुरेल असं : दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी, दार बाहेर उघडणारं, आत दीड मीटर व्यासाची वळायला जागा, भिंतीला आधाराची दांडी.

पण नुसतं हे प्रमाण पाळून रांग संपत नाही. १५ मिनिटांच्या सुट्टीत ७२ पैकी ५० मुली आल्या आणि प्रत्येकीला दोन मिनिटं लागली, तर तीन शौचालयांत जेमतेम २२ जणी होतात. बाकीच्या तशाच वर्गात परततात, आणि काही जणी मग पाणी पिणंच कमी करतात. उपाय बांधकामाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी यांच्या सुट्ट्या वेगळ्या करा. हे उद्यापासून करता येतं. तेवढ्याने भागत नसेल तर चौथं शौचालय धरा.

पाण्याचा हिशेब :
– पिणं, हात धुणं, साफसफाई : माणशी ५ लिटर. १४६ गुणिले ५ म्हणजे ७३० लिटर.
– बादलीने पाणी ओतायची शौचालयं : माणशी ३ लिटरपर्यंत, ४३८ लिटर.
– शौचानंतर धुण्यासाठी माणशी २ लिटर, २९२ लिटर.

एकूण दिवसाला सुमारे १,४६० लिटर. दोन दिवसांचा साठा धरला तर ३,००० लिटर. फ्लशची टाकी बसवणार असाल तर हिशेब पार बदलतो. तिथे फक्त फ्लशलाच माणशी १० ते २० लिटर लागतात. पाणी रोज येत नसेल तर फ्लशच्या मागे लागू नका.

३,००० लिटर म्हणजे तीन टन. ही टाकी त्या जुन्या स्लॅबवर मध्यभागी ठेवायची नाही. जमिनीवर वेगळा चौथरा बांधा. पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळ्या टाक्यांत ठेवा.

आता बांधकामात काय बिघडतं ते.

वास. बहुतेक वेळा त्याचं कारण अस्वच्छता नसून चुकलेलं बांधकाम असतं. प्रत्येक भांड्याखाली आणि फरशीच्या जाळीखाली ट्रॅप (पाणी अडून राहणारा वाकडा नळ) हवा आणि त्यात ५० मिमी पाणी कायम उभं राहायला हवं. मोठ्या सुट्टीत ते सुकतं आणि वास आत येतो, म्हणून शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. मैलावाहिनीला छताच्या वर जाणारा व्हेंट पाइप (हवा येण्या-जाण्याचा नळ) नसेल तर एका ठिकाणी पाणी ओतलं की शेजारच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं.

उतार. फरशीला जाळीकडे ५० ला १. ११० मिमीच्या मैलावाहिनीला ४० ते ६० ला १. प्रत्येक वळणावर चेंबर (नळ तपासायची झाकणाची कुंडी). चेंबर वाचवले की तुंबलेला नळ शोधायला सगळं आवार खणावं लागतं.

अंतर. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ३० मीटर, आणि त्याचा तळ भूजलपातळीच्या निदान दीड मीटर वर. जमीन तडे गेलेल्या खडकाची असेल तर ३० मीटरही पुरत नाहीत.

उंची. पहिलीच्या मुलाला कडी ८० ते ९० सेंमीवर हवी, मुतारीची कड ३५ ते ४० सेंमीवर. मोठ्यांच्या मापाची भांडी बसवली की लहान मुलं बाहेर बसतात आणि ठपका त्यांच्यावर येतो.

---

पाटीपेन्सिल

नळजोड, मनापासून आभार. सुट्ट्या वेगळ्या करण्याचं कुणालाच सुचलं नव्हतं. हात धुण्यासाठी दहा तोट्यांचं बेसिन यादीत आहे. तेवढं पुरेल का? आणि टाकीतल्या पाण्याचं शुद्धीकरण कसं करायचं?

---

नळजोड

तोट्यांऐवजी भोकांचा पाइप करा. तोट्या तुटतात, गळतात, चोरीला जातात, आणि उघडी राहिलेली एक तोटी मिनिटाला सहा-सात लिटर सोडते.

४० मिमी व्यासाचा, तीन मीटर लांब पीव्हीसी पाइप आडवा, जमिनीपासून ७० सेंमीवर. खालच्या बाजूला दर १५ सेंमीवर २ मिमीचं भोक, अशी २० भोकं. एक आड एक समोरासमोरच्या बाजूंना किंचित कललेली, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा मुलं ३० सेंमी अंतराने उभी राहतात. एका टोकाला झडप, दुसऱ्याला फिरकीचं बूच. हे टोक बूच चिकटवून कायमचं बंद करू नका, कारण गाळ तिथेच साठतो आणि महिन्यातून एकदा तो सोडावा लागतो.

पाण्याची उंची पाइपपेक्षा ३० सेंमी जास्त असेल तर एका भोकातून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास पाणी येतं. हात भिजवून साबण लावायला झडप बंद, मग पुन्हा सुरू. एका मुलाला १०० ते १५० मिली पुरतं. १४० मुलं सात फेऱ्यांत, म्हणजे सात-आठ मिनिटांत होतात. थेट उंच टाकीला जोडलंत तर धार तिप्पट जोराची होते आणि मुलं भिजतात, म्हणून मध्ये झाकणाची छोटी बादली किंवा अर्धी उघडी झडप ठेवा.

दोन गोष्टी बिघडतात. भोक पाडल्यावर आत राहिलेला कीस धार वाकडी करतो, तो कानसून काढा. आणि उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, म्हणून वर छत किंवा पाइपला रंग. खाली खडीचा पाट करून सांडपाणी झाडांकडे न्या. डबकं झालं की डास आलेच.

शुद्धीकरण : पाणी स्वच्छ दिसणारं असेल तर १,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची सुमारे ६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. मग शेवटच्या तोटीच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासायच्या रंगपट्टीवर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर यायला हवं. शून्य आलं तर मात्रा वाढवण्याआधी पावडर किती जुनी आहे ते पाहा. पिशवी उघडल्यावर ताकद झपाट्याने उतरते. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीतच खर्च होतं, ते आधी गाळून किंवा निवळून घ्यायचं.

---

चिमणीचं_घर

आणि साबण. पाइप उत्तम झाला आणि साबण कपाटात राहिला, तर उपयोग नाही. साबणाच्या वड्या जाळीच्या पिशवीत घालून पाइपलाच बांधा. आठवड्याला किती वड्या लागतात हे पहिला महिना मोजून वर्षाची खरेदी एकदम करा.

---

गवाक्ष

उजेडाबद्दल. दिवे वाढवण्याआधी छताला पांढरा चुना मारा आणि खिडक्यांवरचे जुने कागद काढा. एवढ्यानेच फरक पडतो. खिडकीतला उपयोगी उजेड आत साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीचपट पोचतो. वरची कड २.१ मीटरवर असेल तर पाच मीटरच्या पलीकडची रांग अंधारात. म्हणून खिडकीचा वरचा भाग झाकणारी कपाटं आणि तक्ते आधी हलवा.

बाकावर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि फळ्यावर ५०० धरून चाला. मोबाइलचं अॅप अचूक नसतं, पण एकाच खोलीतल्या दोन जागांची तुलना त्याने नीट होते. मोजणी ढगाळ दिवशी करा. खिडकीकडच्या दिव्यांचं आणि आतल्या दिव्यांचं बटण वेगळं हवं, नाहीतर चारही दिवे दिवसभर जळतात किंवा चारही बंद राहतात. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर बसवू नका. सावली लपलपत राहते आणि मुलांचं डोकं दुखतं.

फळा चमकत असेल तर तो बदलायची घाई नको. शेवटच्या रांगेतल्या दोन्ही टोकांना मुलाच्या उंचीवर बसून पाहा. बहुधा समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब असतं आणि त्या एका खिडकीला पडदा पुरतो. फळा जुना असेल तर घासून मॅट काळा रंग द्या. पहिली-दुसरीत खालची कड ६५ सेंमीवर ठेवा, म्हणजे मुलंही लिहू शकतात. आठ मीटरवरून वाचायचं तर अक्षर चार सेंमीचं हवं.

वर्ग घुमत असेल, म्हणजे टाळी वाजवल्यावर शेपूट ऐकू येत असेल, तर मागच्या भिंतीवर मऊ सूचनाफलक जास्तीत जास्त जागेवर लावा. नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाला 'त' आणि 'थ' वेगळे ऐकू येणं फार गरजेचं असतं.

---

खडूची_पूड

बाकांबद्दल एवढंच : पाचही वर्गांना एकाच मापाचे घेऊ नका. युरोपीय मानकातली मापं हाताशी ठेवा. उंची १०८ ते १२१ सेंमी असलेल्या मुलाला आसन ३१ सेंमी, मेज ५३. ११९ ते १४२ सेंमीला आसन ३५, मेज ५९. १३३ ते १५९ ला ३८ आणि ६४. आधी सगळ्या मुलांची उंची मोजा, मग मागणी नोंदवा. इयत्तेवरून अंदाज करू नका, एकाच वर्गात दोन मापं लागतात. पाय लोंबकळणारं मूल स्थिर बसत नाही. जोडबाकापेक्षा सुटी मेजं-खुर्च्या महाग पडतात, पण गटात बसवता येतात, आणि एक मोडलं तर एकच जागा जाते.

---

ओळंबा

रॅम्प : १२ ला १ पेक्षा चढ तीव्र नको. ४५ सेंमी जोत्याला ५.४ मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून तीन मीटरचा रॅम्प करतात आणि त्यावरून कुणीही स्वतःच्या बळावर चढू शकत नाही. सरळ जागा नसेल तर मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा घेऊन वळवा. रुंदी १.२ मीटर, कडेला ५ सेंमीची पाळ, दांड्या ७० आणि ९० सेंमीवर, पृष्ठभाग खरखरीत. वर पोचल्यावर दारासमोरही दीड मीटर सपाट हवं. सगळं बरोबर करून शेवटी चार सेंमीचा उंबरठा ठेवला, तर चाक तिथेच अडतं.

---

चिमणीचं_घर

खेळाच्या जागेसाठी मापं :
– झोका सोडून इतर साधनांभोवती सर्व बाजूंना १.८ मीटर मोकळी जागा. झोक्याला पुढे आणि मागे, टांगणीच्या उंचीच्या दुप्पट.
– खाली काँक्रीट, फरशी किंवा दाबलेली माती नको. ३० सेंमी खोल वाळू, भोवती कड. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी वाळू पायांनी उडते, म्हणून दर आठवड्याला ओढून सारखी करावी लागते. ३० ची १० झाली की ती नसल्यातच जमा.
– ९ ते २३ सेंमीच्या दरम्यानची कोणतीही बंद फट नको. अंग आत जातं, डोकं अडकतं.
– पत्र्याची घसरगुंडी दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून बसवू नका, दुपारी चटके बसतात.

साधनं थोडी घ्या. पटांगणात आखलेल्या खेळांच्या रेघा, टायर आणि सावलीचं झाड यांवर जास्त मुलं एका वेळी खेळतात.

---

पाटीपेन्सिल

सगळं वाचून सहा आठवड्यांचा कच्चा आराखडा केला आहे. पाहणी आणि छताची ठोके-तपासणी सुट्टीच्या आधीच उरकायची. आठवडा १ : छताची दुरुस्ती. २ : चाचणी, चेंबर आणि मैलावाहिनी. ३ : ओल्या दोन खोल्यांचा गिलावा पाडून नवा, शौचालयांच्या भिंती. ४ : रंगकाम. ५ : पाइप, टाकीचा चौथरा, फरशी. ६ : वीज, साफसफाई. बाक आणि खेळ पुढच्या वर्षी. काही चुकतंय का?

---

ओळंबा

तीन बदल सुचवतो.

रंग चौथ्या आठवड्यात जमणार नाही. नव्या गिलाव्याला आधी सात ते दहा दिवस पाणी मारावं लागतं आणि मग तो पूर्ण सुकायला साधारण चार आठवडे लागतात. या सुट्टीत सगळीकडे फक्त चुना मारा. त्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि आतली ओल बाहेर पडते. रंग आणि बोलक्या भिंती पुढच्या मोठ्या सुट्टीत, एक पावसाळा काढल्यावर. तेव्हा भिंत कोरडी राहिली का हेही कळलेलं असेल. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक, आणि मुलं आवारात नसताना. नवा रंग ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) कमी शिसं असल्याचं डब्यावर छापलेलाच घ्या.

वीज सहाव्या आठवड्यातून तिसऱ्यात, गिलाव्याच्या आधी. नाहीतर नवा गिलावा फोडाल. ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विच (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारं) आणि अर्थिंगची तपासणी त्यातच.

टाकीचा चौथरा पहिल्या आठवड्यात. काँक्रीटला भार घ्यायला २८ दिवस द्यायचे आहेत, पाचव्या आठवड्यात ओतलंत तर शाळा सुरू होताना टाकी भरता येणार नाही.

---

नळजोड

आणि मैलावाहिनी बुजवण्याआधी प्रत्येक चेंबरपासून चेंबरपर्यंत टेप ठेवून फोटो काढा. भिंतीपासूनचं अंतर आणि खोली नकाशावर लिहून एक प्रत कार्यालयात लावा. बुजवण्यापूर्वी वरच्या चेंबरमधून एक लहान चेंडू सोडा. तो खालच्या चेंबरमध्ये आपोआप आला पाहिजे. नाही आला तर उतार चुकला आहे, आणि तो दुरुस्त करायची सोय त्याच दिवशी असते.